वजन सारखं, बॅलन्स सारखा, तरी रॅकेट वेगळी का फिरते? भेटा ख्रिस्तियान हायगेन्सला

एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन टेनिस रॅकेट्स घ्या. रंग तोच, ग्रिप तीच, फ्रेमवर छापलेला आकडाही तोच. तरी अनेकदा एक हातात हलकी लागते आणि दुसरी जरा उशिरा फिरते. कारखान्यातून निघताना प्रत्येक फ्रेमच्या वजनात काही ग्रॅमचा आणि बॅलन्समध्ये काही मिलिमीटरचा फरक राहतोच. म्हणूनच सामन्यात मधेच स्ट्रिंग तुटली की बॅगेतली दुसरी रॅकेट परकी वाटते. व्यावसायिक खेळाडू यावर उपाय म्हणून आपल्या सगळ्या रॅकेट्स एकमेकींशी मॅच करून घेतात. फ्रेमवर शिशाची पातळ चिकटपट्टी लावायची, हँडलमध्ये थोडं वजन भरायचं, असं ते काम असतं.

हे घरीही करता येतं. काट्यावर वजन जुळवलं, पेन्सिलवर तोलून बॅलन्स जुळवला, की झालं असं आपल्याला वाटतं. पण तसं होत नाही. हे दोन्ही आकडे तंतोतंत जुळले तरी रॅकेट वेगळी फिरू शकते. कारण तिसरा एक आकडा असतो. टेनिसवाले त्याला स्विंगवेट म्हणतात. त्यामागचं गणित ज्याने पहिल्यांदा नीट सोडवलं, त्याच्या डोक्यात रॅकेट नव्हतीच. त्याला घड्याळ वेळेवर चालवायचं होतं.

त्याचं नाव ख्रिस्तियान हायगेन्स. बारावीच्या फिजिक्समध्ये प्रकाशलहरींच्या धड्यात हायगेन्सचं तत्त्व येतं ना, तोच हा माणूस. आज त्याची गोष्ट बघू, आणि शेवटी त्याच्याच पद्धतीने दोन रॅकेट्स मॅच कशा करायच्या तेही बघू.

घरातच शाळा

हायगेन्सचा जन्म १४ एप्रिल १६२९ रोजी नेदरलँड्समधल्या हेग शहरात झाला. वडील कॉन्स्टंटाइन हायगेन्स हे मोठं प्रस्थ होतं. ऑरेंज घराण्याच्या राजपुत्रांचे सचिव, मुत्सद्दी, कवी, संगीताचे जाणकार. तत्त्वज्ञ आणि गणिती रने देकार्त हे त्यांच्या ओळखीतले. ख्रिस्तियान ८ वर्षांचा असताना आई गेली. मुलांचं शिक्षण वडिलांनी घरीच शिक्षक ठेवून केलं. भाषा, संगीत, गणित, तर्कशास्त्र सगळं होतं, पण या मुलाचं लक्ष असायचं ते यंत्रांच्या छोट्या प्रतिकृती करण्याकडे.

१६४५ मध्ये तो लायडन विद्यापीठात गेला. वडिलांना मुलगा राजनैतिक सेवेत जायला हवा होता, म्हणून विषय कायदा. पण तिथे त्याला फ्रान्स फान स्खोटेन हे गणिताचे उत्तम शिक्षक मिळाले आणि कायदा मागे पडला तो पडलाच. पुढे ब्रेडाच्या कॉलेजात दोन वर्षं काढली, १६५५ मध्ये फ्रान्समध्ये कायद्याची पदवीही घेतली. वकिली मात्र कधीच केली नाही.

सतराव्या वर्षी आलेला प्रश्न

त्या काळी पॅरिसमध्ये मारां मर्सेन नावाचे एक धर्मगुरू होते. ते स्वतः गणिती होतेच, पण त्यांचं खरं काम पोस्टमनचं. युरोपभरचे विद्वान त्यांना पत्रं लिहायचे आणि ते एकाचे प्रश्न दुसऱ्याकडे पाठवायचे. आजच्या भाषेत एका मोठ्या ग्रुपचे अॅडमिनच. १६४६ मध्ये वडिलांमार्फत तरुण ख्रिस्तियानची त्यांच्याशी पत्रापत्री सुरू झाली. मुलाची बुद्धी पाहून मर्सेन इतके खूश झाले की ते त्याची तुलना थेट आर्किमिडीजशी करू लागले.

मर्सेननी त्याच्यापुढे एक प्रश्न ठेवला. तो आधी नीट समजून घेऊ, कारण रॅकेटचा प्रश्नही हाच आहे.

दोऱ्याला एक छोटासा दगड बांधून झोका दिला की त्याला एक ठरावीक वेळ लागतो. दोरा लांब तर झोका सावकाश, दोरा आखूड तर झटपट. इथे हिशोब सोपा आहे, कारण सगळं वजन एकाच ठिकाणी आहे. पण दोऱ्याऐवजी आपण एक काठी टांगली तर? काठीचं वजन वरपासून खालपर्यंत पसरलेलं असतं. मग ती काठी किती लांबीच्या दोऱ्याइतक्या वेगाने झुलेल? फळी, चकती, त्रिकोणी पत्रा यांचं काय? प्रत्येक वस्तूत असा एक बिंदू असलाच पाहिजे की सगळं वजन तिथे गोळा केलं तरी झोक्याचा वेळ बदलणार नाही. तो बिंदू कसा शोधायचा? पुढे त्याला दोलनकेंद्र हे नाव पडलं.

देकार्त आणि रोबेर्वाल यांच्यासारख्या मातब्बरांनी यावर हात चालवला होता. त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळत नव्हती, भांडणं मात्र झाली. सतरा वर्षांच्या हायगेन्सलाही जमलं नाही. सुरुवात कुठून करायची तेच सापडेना, म्हणून त्याने प्रश्न बाजूला ठेवला. १६४८ मध्ये मर्सेन वारले. उत्तर त्यांना कधीच मिळालं नाही.

शनी, टायटन आणि लंबकाचं घड्याळ

पुढची दहा वर्षं भन्नाट आहेत. भाऊ कॉन्स्टंटाइन याच्याबरोबर हायगेन्स स्वतःच्या हाताने दुर्बिणीची भिंगं घासू लागला. १६५५ मध्ये त्याच दुर्बिणीतून त्याला शनीचा एक चंद्र दिसला. तोच आजचा टायटन. शनीच्या दोन बाजूंना कान असल्यासारखं जे काही दिसायचं, ते प्रत्यक्षात ग्रहाला कुठेही न टेकलेलं सपाट कडं आहे, हेही त्यानेच सांगितलं. १६५७ मध्ये फाशांच्या खेळातल्या शक्यतांवर त्याचा छोटा ग्रंथ छापला गेला. संभाव्यतेवरच्या अगदी पहिल्या छापील पुस्तकांपैकी तो एक.

याच धामधुमीत, १६५६ च्या डिसेंबरमध्ये, त्याने लंबकाचं घड्याळ तयार केलं. झोक्याला लागणारा वेळ जवळजवळ सारखाच राहतो हे गॅलिलिओला ठाऊक होतं, त्याने घड्याळाचा आराखडाही केला होता, पण ते पुरं झालं नाही. हायगेन्सने ते चालवून दाखवलं. १६५७ मध्ये हेगचा घड्याळजी सालोमोन कोस्टर याला ते बनवण्याचे हक्क मिळाले. त्याआधीची चांगली घड्याळंही दिवसाला सुमारे पाव तास इकडेतिकडे व्हायची. लंबकाच्या घड्याळाने ही चूक काही सेकंदांवर आणली. मिनिटकाट्याला खरा अर्थ आला तो इथून.

हायगेन्स मात्र तेवढ्यावर थांबला नाही. लंबकाचा झोका मोठा झाला की वेळ किंचित वाढतो, हे त्याला खटकत होतं. १६५९ मध्ये त्याने गणिताने दाखवलं की गोळा वर्तुळाच्या कमानीवर नाही, तर चक्रज नावाच्या वक्रावर फिरला तर झोका लहान असो वा मोठा, वेळ तंतोतंत सारखाच राहतो. सायकलच्या टायरला चिकटलेला खडा चाक पुढे जाताना हवेत जी रेघ काढतो, ती चक्रजाची. लंबक त्या मार्गाने जावा म्हणून त्याने दोरीच्या दोन्ही बाजूंना वाकवलेले पत्रे बसवले.

समुद्रावर एक मिनिट म्हणजे २८ किलोमीटर

इतक्या बारीक अचूकतेची गरज काय होती? जहाजांना होती. समुद्रात आपण उत्तर-दक्षिण कुठे आहोत हे सूर्य-ताऱ्यांवरून कळतं. पूर्व-पश्चिम कळायला मात्र निघालेल्या बंदरातली वेळ सोबत न्यावी लागते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणजे घड्याळ एक मिनिट चुकलं की विषुववृत्तावर तुमची जागा जवळजवळ २८ किलोमीटरने चुकते. खडक २८ किलोमीटर लांब आहे की जहाजाच्या तोंडाशी, हा खलाशांसाठी जीवनमरणाचा प्रश्न होता. आपल्या फोनमधला जीपीएस आजही मुळात हेच करतो, वेळ अतिशय अचूक मोजून त्यावरून जागा काढतो.

हायगेन्सची घड्याळं जहाजांवर गेली. १६६४ च्या सुमारास इंग्रज कॅप्टन रॉबर्ट होम्स अशी दोन घड्याळं घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आला. सुरुवातीला आशा वाढली. पण उसळत्या डेकवर लंबक नीट झुलणार कसा? ही अडचण त्याला आयुष्यभर पुरली.

अठरा वर्षांनी सुटलेलं गणित

या घड्याळांच्या कामात मर्सेनचा जुना प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. लंबक म्हणजे दोऱ्याला बांधलेला बिंदू नव्हे. त्याला दांडा असतो, गोळ्याला आकार असतो. वेळ सेकंदापर्यंत पकडायची तर हे सगळं हिशोबात घ्यायलाच हवं. १६६४ पर्यंत हायगेन्सकडे सर्वसाधारण उत्तर तयार होतं. प्रश्न आला तेव्हा तो १७ वर्षांचा होता, आता ३५ वर्षांचा.

युक्ती अशी होती. काठी म्हणजे एकमेकांना घट्ट जोडलेले असंख्य छोटे दगड आहेत असं समजा. वरचा दगड एकटा असता तर झटपट झुलला असता, खालचा एकटा असता तर सावकाश. जोडलेले असल्यामुळे सगळ्यांना एकाच वेगाने जावं लागतं. म्हणजे ही एक तडजोड आहे. त्या तडजोडीत कोणाचं किती चालतं?

यासाठी हायगेन्सने एक साधं तत्त्व धरलं. वस्तू खाली आल्यावर तिचे सगळे तुकडे सुटे करून आपापल्या वेगाने वर जाऊ दिले, तरी त्यांचा गुरुत्वमध्य सुटला होता त्या उंचीच्या वर जाणार नाही. फुकटात उंची मिळत नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम नावारूपाला यायला अजून बराच काळ होता, पण त्याचं बीज इथे दिसतं.

यातून उत्तर निघालं ते असं. प्रत्येक तुकड्याचं वजन गुणिले टांगलेल्या बिंदूपासूनच्या अंतराचा वर्ग, या सगळ्यांची बेरीज करा. तिला वजन गुणिले अंतर यांच्या बेरजेने भागा. जी लांबी येईल, तितक्या लांबीच्या दोऱ्याइतक्या वेगाने ती वस्तू झुलते.

इथे कळीचा शब्द आहे वर्ग. दुप्पट अंतरावरचा एक ग्रॅम दुप्पट नाही, चौपट भारी पडतो. वरची ती पहिली बेरीज म्हणजेच आपण इंजिनिअरिंगला घोकतो ते मोमेंट ऑफ इनर्शिया. ते नाव पुढच्या शतकात लेनर्ड ऑयलरने दिलं. आणि टेनिसमधलं स्विंगवेट म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, हँडलच्या टोकापासून १० सेंटीमीटरवर, म्हणजे साधारण हाताच्या पकडीपाशी धरून काढलेलं रॅकेटचं मोमेंट ऑफ इनर्शिया.

सरकवायचं छोटं वजन

आता सगळ्यात मजेचा भाग. घड्याळ दिवसाला काही सेकंद मागे पडत असेल तर काय करायचं? पूर्ण लंबक वरखाली करणं हे फार ढोबळ काम. हायगेन्सने लंबकाच्या दांड्यावर एक छोटं, सरकवता येणारं वजन बसवलं. ते कुठे सरकवलं की घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढे जाईल, हे त्याने आपल्या सूत्राने काढलं.

निकाल आपल्या अंदाजाला धक्का देणारा आहे. ते वजन अगदी वर, टांगलेल्या जागी लावा, वेळेत काहीच फरक पडत नाही. अगदी खाली दोलनकेंद्रापाशी लावा, तिथेही नाही. सगळ्यात जास्त परिणाम या दोन्हींच्या मधोमध. म्हणजे किती वजन लावलं हा अर्धाच प्रश्न आहे. कुठे लावलं, हा उरलेला अर्धा.

रॅकेटवर शिशाची पट्टी लावणारा माणूस आज नेमकं हेच करत असतो. फरक इतकाच, की हायगेन्स सेकंद जुळवत होता आणि आपण हाताला येणारा फील जुळवतो.

शत्रूच्या राजधानीत

१६६६ मध्ये फ्रान्सच्या राजाने, चौदाव्या लुईने, पॅरिसमध्ये विज्ञान अकादमी सुरू केली. मंत्री कोल्बेर यांनी हायगेन्सला बोलावून घेतलं. भरघोस मानधन, राजाच्या ग्रंथालयात राहायला जागा, कामाला मोकळीक. तो तिथला सगळ्यात मान्यवर सदस्य होता. गोटफ्रीड लायब्निझ १६७२ मध्ये पॅरिसला आला तेव्हा त्याला पुढचं गणित शिकण्याची दिशा हायगेन्सनेच दिली. तोच लायब्निझ पुढे कॅल्क्युलसचा एक जनक ठरला.

पण त्याच १६७२ मध्ये चौदाव्या लुईच्या फौजा हायगेन्सच्या देशात घुसल्या. डचांना स्वतःचे बांध फोडून, शेतं पाण्याखाली घालून शत्रूला अडवावं लागलं. हेगमध्ये संतापलेल्या जमावाने तिथले प्रमुख नेते योहान द विट यांना भावासकट ठार मारलं. द विट स्वतः गणिती होते, फान स्खोटेन यांच्याकडेच शिकलेले. हायगेन्सचं घर पिढ्यान् पिढ्या ऑरेंज घराण्याच्या सेवेत, भाऊ तर त्या वेळी राजपुत्र विल्यमचा सचिव. आणि हा मात्र हल्ला करणाऱ्या राजाच्या पगारावर, त्याच्या राजधानीत.

तो परत गेला नाही. १६७३ मध्ये त्याचा सर्वात मोठा ग्रंथ पॅरिसमध्ये छापून आला, होरोलॉजियम ऑसिलेटोरियम, म्हणजे लंबकाच्या घड्याळाचा ग्रंथ. चक्रज, दोलनकेंद्र, सरकतं वजन, सगळं त्यात आहे. ग्रंथ त्याने अर्पण केला तो चौदाव्या लुईला. युद्ध चालू असताना. मायदेशी हे किती लोकांना रुचलं असेल याची कल्पना करा. राजाचा आश्रय सुटला असता तर काम थांबलं असतं, हेही तितकंच खरं. त्याने काम निवडलं.

दोलनकेंद्राच्या भागात त्याने मर्सेनची आठवण काढली आहे. हा प्रश्न आपल्याला जवळजवळ पोरवयात मिळाला होता आणि तेव्हा आपल्याला काहीच सापडलं नव्हतं, हे त्याने तिथे सरळ लिहून टाकलं.

शेवटची वर्षं

१६७५ मध्ये त्याने खिशातल्या घड्याळासाठी चक्राला जोडलेली नागमोडी गुंडाळलेली स्प्रिंग सुचवली. त्यावरून पॅरिसचा घड्याळजी इसाक त्युरे आणि लंडनचा रॉबर्ट हुक या दोघांशी श्रेयाचे वाद झाले. हायगेन्सची तब्येत मुळात नाजूक. १६७० पासून मोठी आजारपणं येत राहिली आणि बरा व्हायला तो दर वेळी हेगला जायचा. १६८१ मध्ये गेला तो पुन्हा पॅरिसला आलाच नाही. १६८३ मध्ये कोल्बेर वारले. १६८५ मध्ये लुईने प्रोटेस्टंटांना दिलेलं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं. प्रोटेस्टंट हायगेन्सला परतीचं दार बंद झालं.

१६८९ मध्ये तो लंडनला जाऊन न्यूटनला भेटला. १६९० मध्ये प्रकाशाच्या लहरींवरचा त्याचा ग्रंथ छापून आला, तोच बारावीतला धडा. त्याने लग्न केलं नाही. समुद्रावरच्या घड्याळाचं काम अखेरपर्यंत चालू होतं, पण ते यश त्याच्या वाट्याला आलं नाही. पुढच्या शतकात इंग्लंडच्या जॉन हॅरिसनने ते साधलं, लंबक सोडून आणि स्प्रिंगवर फिरणारं चक्र वापरून. ८ जुलै १६९५ रोजी हायगेन्स हेगमध्येच वारला. १४ जानेवारी २००५ रोजी त्याचं नाव असलेलं युरोपियन यान टायटनवर उतरलं.

आता रॅकेट्स मॅच करू

हायगेन्सची पद्धत वापरायला महाग मशीन लागत नाही. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा, मेजरिंग टेप, गोल पेन्सिल आणि फोन पुरे.

१. आधी दोन्ही रॅकेट्सना सारख्याच स्ट्रिंग, सारखीच ओव्हरग्रिप, सारखाच डॅम्पनर. नाहीतर सगळे आकडे फसवे.

२. दोन्हींचं वजन करा. जड असेल ती नमुना समजा. वजन वाढवता येतं, फ्रेममधून काढता येत नाही.

३. रॅकेट पेन्सिलवर आडवी तोला. हँडलच्या टोकापासून तोल साधणाऱ्या जागेपर्यंतचं अंतर म्हणजे बॅलन्स.

समजा नमुना रॅकेट ३२५ ग्रॅम आहे आणि बॅलन्स ३३ सेंटीमीटर. दुसरी ३१८ ग्रॅम, बॅलन्स तोच ३३. म्हणजे ७ ग्रॅम घालायचेत. सरळ उपाय कोणता? सगळे ७ ग्रॅम ३३ सेंटीमीटरवर, म्हणजे घशापाशी लावायचे. वजन जुळलं, बॅलन्स जुळला. (दोन्हींचा बॅलन्स वेगळा असेल तर ही जागा वरखाली सरकवून आधी तो जुळवून घ्या.)

आता समजा नमुन्याचं स्विंगवेट ३२५ आहे आणि दुसरीचं मुळात ३१६. पट्टी हाताच्या पकडीपासून २३ सेंटीमीटरवर लागली. २३ चा वर्ग ५२९, गुणिले ७ ग्रॅम, म्हणजे स्विंगवेट वाढलं फक्त ३.७ ने. हवे होते ९. काटा म्हणतो सारखी, पेन्सिल म्हणते सारखी, हात म्हणतो वेगळी. आणि हात बरोबर आहे.

४. मग झोका द्या. हँडलच्या टोकापासून बरोबर १० सेंटीमीटरवर एक पातळ सळई रबरबँडने आडवी घट्ट बांधा. सळईची दोन टोकं सारख्या उंचीच्या दोन खुर्च्यांवर टेकवा आणि रॅकेट डोकं खाली करून टांगा. हलकासा झोका द्या, फोनवर व्हिडिओ घ्या आणि ५० पूर्ण झोक्यांचा वेळ काढा. झोका लहान ठेवा आणि दोन्ही रॅकेट्सना सारखाच द्या. मोठ्या झोक्याला वेळ जास्त लागतो, हीच ती चूक जी हायगेन्सला खटकली होती.

वरच्या उदाहरणात नमुना रॅकेटला ५० झोक्यांना सुमारे ६६.१ सेकंद लागतील, दुसरीला ६५.६. फरक अर्ध्या सेकंदाचा. वजन आणि बॅलन्स आधीच जुळलेले असल्यामुळे वेगळा फॉर्म्युला नकोच. जिला जास्त वेळ लागतो तिचं स्विंगवेट जास्त, इतकं साधं.

५. आता ७ ग्रॅमचे दोन सारखे भाग करा, साडेतीन-साडेतीन. एक वर, एक खाली, दोन्ही ३३ सेंटीमीटरच्या जागेपासून सारख्याच अंतराने सरकवत जा. वजन बदलत नाही, बॅलन्स बदलत नाही, पण स्विंगवेट वाढत जातं. दर टप्प्याला पुन्हा झोका देऊन बघा. या उदाहरणात दोन्ही भाग २७.५ सेंटीमीटर सरकले की वेळ जुळतो. वरचा भाग येतो ६०.५ सेंटीमीटरवर, म्हणजे रॅकेटचं डोकं घड्याळ मानलं तर १० आणि २ च्या जागी, दोन्ही बाजूंना पावणेदोन-पावणेदोन ग्रॅम. खालचा येतो ५.५ सेंटीमीटरवर, ग्रिपच्या आत.

पडताळून बघा. वरच्या भागाने स्विंगवेट ८.९ ने वाढवलं, खालच्याने जेमतेम ०.१ ने. वजन दोन्हीकडे सारखंच, साडेतीन ग्रॅम. परिणामात जमीन-अस्मानाचा फरक. वर्गाची ताकद ती हीच.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हलक्या रॅकेटचं स्विंगवेट मुळातच नमुन्यापेक्षा जास्त असेल, तर वजन घालून ते कमी होणार नाही. तेव्हा दोन्ही रॅकेट्समध्ये वजन घालावं लागेल. आणि शिसं विषारी असतं, पट्टी हाताळल्यावर हात साबणाने धुवा, किंवा टंगस्टनची पट्टी वापरा. पक्की चिकटवण्याआधी साध्या टेपने तात्पुरती लावून खेळून बघितलेलं बरं.

एक शेवटचा आकडा. आपल्या नमुना रॅकेटचं दोलनकेंद्र काढलं तर ते हँडलच्या टोकापासून सुमारे ५३.५ सेंटीमीटरवर येतं, जाळीच्या जवळजवळ मधोमध. पकड त्या १० सेंटीमीटरच्या जागी आहे असं धरलं, तर चेंडू तिथे लागला की हाताला झटका बसत नाही. म्हणजे मर्सेननी सतरा वर्षांच्या मुलाला जो बिंदू शोधायला सांगितला होता, तो तुम्ही प्रत्येक चांगल्या फटक्यात शोधत असता.